चेंबर चकचकीत हवा की निर्धोक?

डर्ट बाइकचे इंजिन पूर्ण खोलले, क्रँक, गिअर आणि क्लच बाहेर निघाले की टेबलावर अ‍ॅल्युमिनियमची दोन रिकामी कवचे उरतात. मॅन्युअलमधले क्रँककेस आणि गॅरेजमधले चेंबर ते हेच. त्यावर तेलात भाजलेल्या मातीचे पापुद्रे असतात, पुढच्या स्प्रॉकेटमागे चेनने फेकलेल्या चिखलाचा घट्ट थर असतो आणि कडेला जुन्या पॅकिंगचे तुकडे चिकटलेले असतात. इथून पुढे काय करायचे, यावर हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ब्लास्टिंगला पाठवा, चेंबर कोरे करकरीत होऊन येईल. दुसरा म्हणतो, रॉकेल, ब्रश आणि कॉम्प्रेसरची हवा एवढ्यावर काम भागते. बाइक मातीत पळवायची आहे, वरातीत नाही. दोन्ही बाजूंकडे अनुभव आहे आणि दोन्ही बाजू काहीतरी विसरतात. म्हणून हा वाद चवीचा न समजता नीट तोलून पाहायला हवा.

महाराष्ट्रात हा प्रश्न मूठभर हौशींचा राहिलेला नाही. यामाहाची आरएक्स १०० १९८५मध्ये आली आणि १९९६मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी तिची इंजिने अजून खोलली आणि बांधली जात आहेत. टीव्हीएस-सुझुकीच्या शोगनने एक पिढी मातीच्या ट्रॅकवर वाढवली. २०१९मध्ये हिरोची एक्सपल्स २०० आली आणि परवडणाऱ्या किमतीत डोंगरातली वाट धरता येऊ लागली. जानेवारी २०२४मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीला झाली. म्हणजे एकीकडे अशी जुनी टू-स्ट्रोक इंजिने आहेत ज्यांचे नवे चेंबर सहजासहजी मिळत नाही. दुसरीकडे अशी स्पर्धेची इंजिने आहेत ज्यांचे आयुष्य किलोमीटरमध्ये नव्हे, तासांत मोजले जाते आणि जी वारंवार उघडावीच लागतात. पहिल्यात चेंबर बिघडवणे परवडत नाही, दुसऱ्यात ते दर वेळी सजवणे परवडत नाही.

चेंबर म्हणजे नुसती पेटी नव्हे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली येताना पेट्रोल-हवेचे मिश्रण याच पोकळीत दाबले जाते आणि पोर्टमधून वर जाते. तिथे बारीकशी गळती झाली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि इंजिन जाम होते. फोर-स्ट्रोकमध्ये हेच चेंबर तेलाचे जाळे वाहते. त्याच्या भिंतींत ड्रिल केलेल्या नाळ्यांतून तेल क्रँकपर्यंत आणि हेडपर्यंत जाते. शिवाय चेंबरचे दोन्ही अर्धे कारखान्यात जोडीने मशीन केलेले असतात. क्रँकच्या दोन्ही बेअरिंगच्या जागा एका रेषेत राहाव्यात म्हणून ही जोडी असते. त्यामुळे जुन्या बाजारातून एक अर्धा उचलून दुसऱ्या इंजिनाच्या अर्ध्याला जोडणे हा स्वस्तातला धोका असतो. साफसफाईची कोणतीही पद्धत निवडताना मिलनपृष्ठे, बेअरिंगच्या जागा आणि तेलाच्या वाटा शाबूत राहणार का, हेच पहिले विचारले पाहिजे.

आता ब्लास्टिंगची बाजू. ती केवळ देखाव्याची आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. खडबडीत ओतकामाच्या खाचांत वर्षानुवर्षे बसलेली माती ब्रशने निघत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरा, बुरशीसारखा दिसणारा गंज आला असेल तर तो रॉकेलला दाद देत नाही. काचेच्या बारीक मण्यांचा मारा ती दोन्ही काढतो आणि पृष्ठभाग एकसारखा करतो. पाण्यात मणी मिसळून केलेले ओले ब्लास्टिंग तर आणखी सौम्य असते. त्यातून येणारा रेशमी पोत कोरड्या ब्लास्टिंगच्या राखाडी खरखरीत पोतापेक्षा मळ कमी धरतो. यात सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. स्वच्छ, एकरंगी चेंबरवर बारीक तडा लगेच दिसतो. पुढे तेल गळू लागले तर ते नेमके कुठून येते हेही कळते. मळकट चेंबरवर सगळीकडेच ओल दिसते आणि खरी जागा सापडत नाही.

पण याच मण्यांची दुसरी बाजू क्रूर आहे. ब्लास्टिंगच्या मण्याचा व्यास साधारण ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. बेअरिंगमध्ये धातूला धातूपासून दूर ठेवणारा तेलाचा थर काही मायक्रॉनचा असतो. असा एक मणी तेलाच्या नाळीत लपून बसला आणि इंजिन सुरू झाल्यावर सुटला, तर नवे बेअरिंग, नवा पिस्टन आणि नवा बोअर यांवरचा खर्च मातीमोल होतो. मणी लपतात तरी कुठे? जिथे बोट पोचत नाही तिथे: आंधळ्या आट्यांच्या तळाशी, ऑइल गॅलरीच्या दाबून बसवलेल्या बुचांमागे, डोवेलच्या भोकांत, ब्रीदरच्या वळणांत. टू-स्ट्रोकमध्ये गॅलरीचे जाळे नसते म्हणून निर्धास्त राहता येत नाही. चेंबरमधला कण मिश्रणाबरोबर ट्रान्सफर पोर्टमधून थेट पिस्टन आणि बोअरच्या मध्ये जातो. ब्लास्टिंगवाल्याचे काम बाहेरून चांगले दिसले की संपते. आतले मणी शोधून काढण्याची जबाबदारी त्याने घेतलेली नसते आणि अनेकदा मालकाला किंवा मिस्त्रीला ती आपली आहे हे माहीतच नसते.

कोरड्या वाळूचा तर विचारच नको. वाळूचे तीक्ष्ण कण अ‍ॅल्युमिनियम खातात, मशीन केलेल्या कडा बोथट करतात आणि मऊ धातूत रुतून बसतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे वाळू फुटून उडणारी सिलिकाची धूळ ब्लास्टिंग करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जाते. ब्रिटनने ओतकाम साफ करण्यासाठी वाळूच्या माऱ्यावर १९४९च्या नियमांनी बंदी घातली. आपल्याकडे १९४८च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातला. तरीही औद्योगिक वसाहतींच्या मागच्या गल्लीत तोंडाला नुसता रुमाल बांधून वाळूचा मारा करणारी मुले दिसतात. आपल्या बाइकचे चेंबर चमकावे म्हणून कुणाची छाती भरावी, हा सौदा कोणत्याही हिशेबात बसत नाही.

सोड्याच्या ब्लास्टिंगला या वादात मधली जागा आहे. खाण्याच्या सोड्याचे कण काचेपेक्षा बरेच मऊ असतात आणि पाण्यात विरघळतात, त्यामुळे आत अडकण्याची भीती पुष्कळ कमी होते. पण तो रंग आणि चिकटा काढतो, गंजलेला पृष्ठभाग नव्यासारखा करत नाही. ज्यांना चमक हवी आहे त्यांचे त्याने समाधान होत नाही आणि ज्यांना नुसती स्वच्छता हवी आहे त्यांचे काम हातानेही होते. म्हणून तो चांगला असूनही सगळीकडे सहज मिळत नाही.

मग हातानेच धुवावे, हे साधे उत्तर झाले का? तेवढेही सोपे नाही. हाताने धुण्याच्या नावाखाली गॅरेजमध्ये जे चालते त्यात चेंबरचे नुकसान ब्लास्टिंगइतकेच होऊ शकते. लोखंडी ब्लॉकसाठी वापरलेल्या कॉस्टिकच्या गरम पिंपात अ‍ॅल्युमिनियमचे चेंबर बुडवले तर कॉस्टिक सोडा धातूच खाऊ लागतो, हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात, पृष्ठभाग काळा पडतो आणि बेअरिंगची जागा सैल होते. वॉशिंग सेंटरवरच्या काही अ‍ॅसिडच्या क्लीनरनी अ‍ॅल्युमिनियम क्षणभर उजळते आणि मग डागाळते. अनेक मोटोक्रॉस बाइकची क्लचची आणि मॅग्नेटोची झाकणे मॅग्नेशियमची असतात. त्यांना अ‍ॅसिड तर सहन होतच नाही, पण रंग उडालेले झाकण ओले राहिले तरी ते पटकन गंजते. पेट्रोलने धुण्याची सवय तर जिवावर बेतणारी आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. रॉकेलला त्यासाठी निदान पस्तीस अंशांच्या वरचे तापमान लागते. आपल्या उन्हाळ्यात तेही निर्धास्त करणारे नाही, पण दोघांतला फरक मोठा आहे. पेट्रोलमधले बेंझीन उघड्या कातडीतून आणि श्वासातून शरीरात जाते, तेही रोज.

पॅकिंग काढण्याची पद्धत हा आणखी एक दुखरा भाग. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पॅकिंग खरवडले की मिलनपृष्ठावर चरा पडतो आणि तिथून गळती सुरू होते. एअर टूलला लावलेली खरखरीत चकती झटपट काम करते, म्हणून ती लोकप्रिय आहे. पण जनरल मोटर्सने आपल्या सेवा केंद्रांना अशा चकत्या इंजिनावर वापरण्याविरुद्ध लेखी ताकीद दिली होती. चकतीतून झडणारी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड तेलात मिसळून बेअरिंग खाते, हे त्यामागचे कारण. म्हणजे ब्लास्टिंगच्या मण्यांना नावे ठेवणारा मिस्त्री चकती फिरवत असेल तर तो तोच धोका दुसऱ्या दाराने आत घेतो. पॅकिंग रिमूव्हर लावून थांबणे, प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीने हलके उचलणे आणि सपाट दगडाने उंचवटे बसवणे याला वेळ लागतो. तो वेळ मालकाने बिलात मान्य केला पाहिजे, नाहीतर मिस्त्रीने चकती उचलली याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही.

दोन्ही तट ज्याकडे दुर्लक्ष करतात ती गोष्ट इथे येते. चेंबर साफ करण्याचा हेतू ते तपासता यावे हा आहे, आणि तपासणीला चमक लागत नाही. चेन तुटली की ती पुढच्या स्प्रॉकेटमागे गोळा होते आणि चेंबरवर आदळते. तिथला तडा पहिल्यांदा शोधावा. लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर वापरून तो बघता येतो. त्याहून जुनी आणि जवळजवळ फुकटची युक्ती म्हणजे रॉकेल लावून पुसायचे आणि खडू घासायचा. तडा असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. वेल्डिंगची वेळ आलीच तर धातू तेलविरहित हवा, नाहीतर आर्गन वेल्डिंगमध्ये बुडबुडे राहतात. क्लोरिन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या चेंबरवर वेल्डिंग करायचे नाही, कारण त्या उष्णतेत विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो.

त्यानंतर बेअरिंगच्या जागा. बेअरिंगची बाहेरची रिंग चेंबरमध्ये फिरली असेल तर ती जागा आरशासारखी गुळगुळीत झालेली दिसते. इथे गॅरेजमधली रूढ तोड म्हणजे जागेवर पंच मारून टोके उठवायची आणि बेअरिंग घट्ट बसवायचे. ती एका सीझनपुरती चालते. मग उठवलेली टोके चेपली जातात आणि बेअरिंग पुन्हा फिरू लागते. ढिलाई काही शतांश मिलिमीटरची असेल तर रिटेनिंग कंपाउंड, त्याहून जास्त असेल तर लेथवर स्लीव्ह बसवणे, हा खरा इलाज. आणि बेअरिंग ठोकून बसवण्याची गरजच नसते. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ५२ मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या ६२०५ बेअरिंगसाठी चेंबर खोलीच्या तापमानापासून ११० अंशांपर्यंत ओव्हनमध्ये एकसारखे तापवले तर बेअरिंगची जागा सुमारे ०.१ मिलिमीटरने मोठी होते आणि थंड बेअरिंग हाताने आत सरकते. इथे स्वच्छतेचा संबंध थेट आहे: जागेच्या खांद्यावर एक मणी किंवा मातीचा खडा राहिला तर बेअरिंग तिरके बसते.

आट्यांचेही तसेच. आंधळ्या भोकात तेल किंवा क्लीनर साचलेले असताना बोल्ट आवळला तर द्रवाला जायला जागा उरत नाही आणि ओतकाम तडकू शकते. टॅप फिरवून, हवा मारून भोक कोरडे करणे हा त्यावरचा साधा उपाय. आटे गेलेले असतील तर हेलिकॉइल. मिलनपृष्ठ जाड काचेवर किंवा सरफेस प्लेटवर ठेवून फीलर गेज घालून पाहावे. वॉटर-कूल्ड इंजिनात पाण्याच्या पंपाखालचे गळतीसूचक भोक आणि गिअरबॉक्सचा ब्रीदर यांत चिखल भरलेला असतो. पहिले बुजले तर सील फुटल्याचे वेळेवर कळत नाही, दुसरे बुजले तर आतला दाब ऑइल सील बाहेर ढकलतो. यांतले एकही काम फोटोत दिसत नाही, पण इंजिन टिकणार की नाही हे त्यांवरच ठरते.

रंग आणि पावडर कोटिंगबद्दल थोडक्यात. पातळ थरामुळे इंजिन तापते ही भीती अतिरंजित आहे. एअर-कूल्ड इंजिनाला रंगापेक्षा पंखांत भरलेला चिखल जास्त तापवतो. खरा धोका मास्किंगचा. पावडर कोटिंगचा जाड थर मिलनपृष्ठावर किंवा बोल्टच्या बैठकीवर राहिला तर तो पुढे दबतो आणि बोल्ट सैल पडतो. रस्त्यावरच्या नोंदणीकृत बाइकचा इंजिन क्रमांकही याच चेंबरवर कोरलेला असतो. ब्लास्टिंगने तो पुसट झाला किंवा रंगाखाली गेला तर आरटीओच्या तपासणीत उभे राहून स्पष्टीकरण देण्याची पाळी मालकावर येते. म्हणून तो झाकूनच चेंबर बाहेर पाठवावे.

सगळे तोलून पाहता आमचा कौल असा. स्पर्धेत किंवा पायवाटांवर नियमित पळणाऱ्या इंजिनाला ब्लास्टिंगची गरज नाही. इंजिन खोलण्याआधी बाइक नीट धुणे, इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करणे, खोलल्यावर रॉकेलने किंवा पाण्यात मिसळणाऱ्या डिग्रीझरने नायलॉनच्या ब्रशने घासणे, मग गरम साबणाच्या पाण्याने धुऊन हवेने कोरडे करणे आणि लगेच तेलाचा हात फिरवणे एवढे पुरते. जुन्या, पुन्हा न मिळणाऱ्या इंजिनाचे जतन करायचे असेल आणि बाहेरचा गंज दुसऱ्या कशाने जात नसेल, तर ओले ब्लास्टिंग मान्य आहे, पण ते फक्त बाहेरून आणि अटींसह: गॅलरीची सगळी बुचे काढलेली, मिलनपृष्ठे, बेअरिंगच्या जागा आणि आटे झाकलेले, आणि परत आल्यावर प्रत्येक नाळीतून दाबाने पाणी आणि हवा सोडून पांढऱ्या फडक्यावर तपासलेले. बुचे काढणे शक्य नसेल तर ब्लास्टिंग करू नये. चेंबरच्या आत मण्यांचा मारा कधीही करू नये. टू-स्ट्रोक बांधून झाल्यावर ०.४ बारच्या आसपास दाब भरून तो काही मिनिटे टिकतो का, हे पाहिल्याशिवाय किक मारू नये.

या कौलाला एक किंमत आहे, हेही मान्य केले पाहिजे. हाताने धुतलेल्या चेंबरवर डाग राहतील. विकायला काढलेल्या बाइकचा भाव त्यामुळे कमी लागेल, कारण खरेदीदार अजून डोळ्यांनीच इंजिन पारखतो. मिस्त्रीचे तास वाढतील आणि बिलही वाढेल. मळलेले रॉकेल आणि जुने तेल गटारात न ओतता डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेला देण्याचा त्रास घ्यावा लागेल. वापरलेले तेल २०१६च्या घातक कचरा नियमांखाली येते, हे लहान गॅरेजलाही माहीत असायला हवे. पण मण्याने खाल्लेल्या क्रँकची किंमत या सगळ्यापेक्षा जास्त असते आणि ती बहुधा शर्यतीच्या दिवशीच मोजावी लागते.

म्हणून मालकांना एवढेच सांगणे आहे. गॅरेजमधून चेंबर परत घेताना ते किती चमकते हे पाहू नका. बुचे काढली होती का, बेअरिंगच्या जागा मोजल्या का, तडा तपासला का, ब्लास्टिंग वाळूने तर केले नाही ना, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे बिलावर लिहून घ्या. आणि आयटीआयमध्ये दुचाकी मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्यांनी इंजिन जोडण्याच्या धड्याआधी चेंबर धुण्याचा आणि तपासण्याचा धडा वर्कशॉपमध्ये हाताने करून घ्यावा. ज्या मिस्त्रीकडे या चार प्रश्नांची उत्तरे आहेत, त्याच्या टेबलावरचे डागाळलेले चेंबर बेधडक बाइकला लावावे.